चुनखडीतली जास्वंद

नगर जिल्ह्यात जास्वंद लागत नाही, अशी तक्रार सहसा कुणी करत नाही. पावसाळ्यात नुसती काडी खोचली तरी ती पालवते. तक्रार असते ती पुढची. पहिल्या वर्षी झाड भरभरून फुलतं, दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याची पानं पिवळी पडतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात, खोडावर पांढरा पिठूळ थर चढतो आणि तिसऱ्या वर्षी मालक वैतागून ते उपटतो. मग रोपवाटिकेतून नवी जास्वंद येते. रंग वेगळा, गत तीच. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला, बोलण्यात नगरच राहिला. तसंच जास्वंदीचं दुखणंही आहे तिथेच आहे. घरच्या बागेत दहा-पंधरा वर्षं टिकणारी जास्वंद कशी ठेवायची, या प्रश्नावर सल्ला उदंड मिळतो. त्यातला बराचसा दुसऱ्या मातीतला असतो. माझ्या मते नगरकडे जास्वंद कोणत्या जातीची लावली याला चार आणे महत्त्व आहे. उरलेले बारा आणे मुळांखालचा चुना आणि तोटीतलं पाणी ठरवतं.

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत काटक, बारमाही जास्वंद म्हणून जिचं कौतुक असतं ती आपली जास्वंद नव्हे. ती हिबिस्कस मॉस्क्यूटॉस, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दलदलींत वाढणारी. तिची फुलं २५ सेंटिमीटरपर्यंत जातात. थंडीत जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि हवा तापली की बुडख्यातून नवे कोंब फुटतात. मुळांवर पालापाचोळ्याचं पांघरूण असलं तर उणे ३० अंशांतूनही ती तगते. नेब्रास्कातल्या लिंकन गावच्या फ्लेमिंग बंधूंनी हयात घालवून तिचे तांबूस पानांचे, बुटके, मोठ्या फुलांचे संकर तयार केले. 'कॉपर किंग' हा त्यातला गाजलेला. हे सगळं खरं, पण तिचा काटकपणा बर्फाशी झुंजण्यासाठी आहे. राज्यातल्या गारठलेल्या गावांच्या यादीत नगरचं नाव दर हिवाळ्यात असतं हे मान्य. तरी थंडीच्या लाटेत इथला पारा सात-आठ अंशांवर येतो, याहून खाली क्वचित. इथली परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते. पारा चाळिशी ओलांडतो, वारा कोरडा असतो आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी पडतं. दलदलीत वाढलेल्या झाडाला यातलं काहीच ठाऊक नाही.

तिचं बी ऑनलाइन मिळतं, त्यामुळे हौशी लोक ते मागवतातच. त्यांनी एक करावं. बियांचं टरफल कानशीवर थोडं घासून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात, फेब्रुवारीत पेराव्यात आणि रोप मोठ्या कुंडीत लावून कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभी करावी. आपल्या नेहमीच्या जास्वंदीला अशाने मूळकूज होईल. हिला ते मानवतं. खाऱ्या दलदलीतही ती वाढत असल्यामुळे थोडे क्षार तिला चालतात, तहान मात्र अजिबात चालत नाही. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे कुणाच्या अंगणात छोटं तळं असेल तर त्याच्या काठाला ती शोभेल. पारनेरच्या गच्चीवर तो हट्ट कशाला करायचा?

थंड मुलखातली दुसरी जास्वंद मात्र नगरकरांनी गंभीरपणे पाहावी अशी आहे. हिबिस्कस सिरिॲकस, दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. पानगळीचं झुडूप, फुलं जांभळट, गुलाबी किंवा पांढरी. तिला चुनखडीची जमीन चालते, ऊन चालतं आणि एकदा मुळं खोल गेली की पाण्याचा ताणही सोसतो. हिवाळ्यात तिचे नुसते खराटे उभे राहतात आणि घरातली वडीलधारी माणसं 'वाळलं, काढून टाका' म्हणतात. ते न ऐकता फाल्गुनापर्यंत वाट पाहावी.

आता आपली जास्वंद. लिनियसने १७५३ साली तिला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं, तरी मूळ रानटी रूपात ती चीनमध्ये सापडत नाही. पॅसिफिक बेटांवरच्या दोन जातींच्या संकरातून ती झाली असावी, असं अलीकडचे काही अभ्यासक मांडतात. मलेशियाने १९६० मध्ये तिला राष्ट्रीय फूल केलं. म्हणजे दमट, उबदार, पावसाळी बेटांवरचं हे झाड दख्खनच्या पर्जन्यछायेत येऊन गणपतीचं लाडकं झालं. हा प्रवास मोठा आहे आणि त्याची किंमत झाड आजही मोजतं. तिची जवळची नातलग अंबाडी मात्र इथे बिनतक्रार वाढते. ज्वारी-बाजरीच्या कडेला तिच्या ओळी असायच्या. पाल्याची भाजी आणि सालीचा वाख दोरखंडाला. तीही हिबिस्कसच, पण एका हंगामात बी धरून मोकळी होते. उन्हाळ्याला तोंड द्यायची वेळच तिच्यावर येत नाही.

जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, आणि त्यात जास्वंदीच्या दृष्टीने निदान तीन मुलूख आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यातलं घाटघर-रतनवाडी. तिथे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माती तांबडी आणि धुऊन निघालेली. तिथे झाड हिरवंगार असतं, फक्त पाणी साचू द्यायचं नाही; तिथल्या लोकांना या लेखाची फारशी गरज नाही. मधला पट्टा संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीचा. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, गोदावरीचे कालवे त्याहून आधीचे. शंभर वर्षं पाणी आणि ऊस यामुळे इथल्या काळ्या जमिनींचे बरेच तुकडे चोपण किंवा क्षारपड झाले. उरलेला नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीचा भाग उथळ मुरमाचा, पाऊस साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पाण्यात आणि मातीत हे शेवटचे दोन मुलूख एकमेकांसारखे नाहीत, पण चुना दोघांकडे आहे. बेसॉल्ट झिजून झालेल्या या जमिनींत कमी पावसामुळे चुना धुऊन जात नाही. तो बारीक पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साठतो आणि मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या वर राहतो.

हे घरी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळावं किंवा सौम्य ॲसिडचा थेंब टाकावा. फसफसलं तर चुना आहे. नेमका आकडा हवा असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, बाभळेश्वरच्या किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात माती देता येते. अहवालात सामू आणि क्षारता सगळे पाहतात. घरबागवाल्याने 'मुक्त चुना' हा रकाना आधी वाचावा.

चुन्याने होतं काय? जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू चढला की ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, लोह कमी पडलं तर शेंड्यापासून. हा फरक न ओळखता युरिया टाकणारे लोक गल्लोगल्ली आहेत. युरियाने झाड लुसलुशीत होतं, पिवळेपणा जात नाही आणि किडीला मेजवानी मिळते.

'गंधक टाका, सामू खाली येईल' हा सल्लाही सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहू. शंभर किलो चुना विरघळवायला ३२ किलो गंधक लागतं, हे साधं रसायनशास्त्र आहे. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे ३०० किलो माती बसते. तीत दहा टक्के चुना असेल तर तो झाला ३० किलो, म्हणजे साडेनऊ किलोहून जास्त गंधक एका झाडाला. एवढं करूनही मुळं खड्ड्याबाहेर जाणार आणि बोअरचं पाणी नवा चुना आणत राहणार. तेव्हा माती बदलण्याचा नाद सोडावा आणि लोह झाडाच्या तोंडी घालावं. वीस-पंचवीस ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दोन किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवायचं आणि मग बुडाशी मातीआड करायचं. नुसतं हिराकस जमिनीवर टाकलं तर चुना ते काही दिवसांत गिळून टाकतो. शेणखतात मुरलेलं लोह जास्त काळ मुळांना मिळत राहतं. झाड फारच पिवळं असेल तर लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि थोडं लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारायचं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. चिलेटेड लोह घ्यायचं तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं पाहून घ्यावं. ईडीटीए स्वस्त मिळतं आणि फवारणीला चालतं, पण आपल्या सामूच्या जमिनीत ते टिकत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ जास्वंदीला अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुन्याची निवळी द्यायला सांगतात. कोकणात किंवा केरळात, आम्लधर्मी तांबड्या मातीत, हे शहाणपणाचं असेल. नगरच्या मातीत टरफलं म्हणजे चुन्यात चुना, आणि राख सामू आणखी चढवते. तीच गोष्ट 'फुलांसाठी' दिल्या जाणाऱ्या डीएपीची. जास्वंदीला स्फुरद फार लागत नाही, आणि जास्तीचं स्फुरद लोहाची वाट आणखी अडवतं. पालाश मात्र तिला आवडतं. सल्फेट ऑफ पोटॅश महिन्याला चमचाभर दिलं तरी फुलात फरक दिसतो. सहकारी साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात प्रेसमडचं कंपोस्ट सहज मिळतं. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस साफ करताना गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे त्या प्रेसमडमध्ये थोडं गंधकही येतं. चुनखडीच्या जमिनीला याहून स्वस्त आणि योग्य खत मला माहीत नाही.

नगर शहरात मातीच्या दुखण्याला आणखी एक पदर आहे. १९४२ ते ४५ मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना जवाहरलाल नेहरू फुलझाडांसाठी वाफे खणत. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सुरुवातीच्या पानांत त्यांनी तिथल्या मातीबद्दल लिहिलं आहे: निकस, दगडांनी भरलेली, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने गच्च. सावेडी किंवा केडगावमध्ये नवा बंगला बांधून अंगणात पहिली कुदळ मारणाऱ्याला हाच अनुभव येतो. भर म्हणून टाकलेला सिमेंटचा, गिलाव्याचा, विटांचा चुरा, वर सहा इंच काळी माती. अशा जागी खाली खणण्यापेक्षा वर चढवणं बरं. दीड-दोन फूट उंचीचा, चार फूट रुंदीचा विटांचा ओटा करावा आणि त्यात बारीक मुरूम, शेणखत आणि प्रेसमडचं मिश्रण भरावं. विटा सिमेंटने न सांधता नुसत्या रचाव्या.

पाण्याचं गणित याहून कडू आहे. शहराला मुळा धरणाचं पाणी मिळतं आणि ते झाडाला चांगलं असतं, पण त्याच्या पाळ्या ठरलेल्या. उरलेले दिवस बोअर. दुष्काळात, २०१५-१६ किंवा २०१८-१९ सारख्या वर्षांत, माणसांनाच टँकर लागतो तिथे जास्वंदीचं नाव कोण काढणार? जड पाण्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढरे दिसतात ते वरचे. तेवढेच किंवा जास्त आत मुळांभोवती असतात. पानांच्या कडा करपणं ही त्याची खूण. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी कुंडीत ओतणं ही अलीकडची सवय. ते पाणी आधीच्या पाण्यापेक्षा जास्त खारं असतं. फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरावं. कुंडीतल्या जास्वंदीला देऊ नये. जमिनीतल्या झाडाला पावसाळ्यात एखाद वेळ चालेल. कुंड्यांना मात्र पहिल्या मोठ्या पावसात मुद्दाम उघड्यावर ठेवावं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. पन्हाळीचं पाणी दोन पिंपांत धरता आलं तर ते प्यायचं सोडून सगळ्यात आधी जास्वंदीला.

जमिनीतल्या मोठ्या झाडाला ताशी चार लिटरच्या दोन तोट्या, उन्हाळ्यात दिवसाआड दीड-दोन तास, खोडापासून फूट-दीड फूट लांब. रोज लोटाभर पाणी घालणारे प्रेमळ लोक मुळांना वरच ठेवतात, आणि तापलेल्या मातीच्या त्या वरच्या चार इंचांतच झाड मरतं. आच्छादनाला उसाचं पाचट. जिल्ह्यात ते आजही शेतात पेटवून देतात; ट्रॉलीवाल्याला सांगितलं की चार पेंढ्या आणून टाकतो. अर्धा फूट थर दिला की पाणी निम्म्यावर येतं, असं म्हणायचा मोह होतो. निम्म्यावर नाही तरी चांगलं कमी होतं हे कुणीही बोट घालून पाहावं. पश्चिमेचं ऊन भिंतीवरून परावर्तित होऊन झाडावर पडत असेल तर मार्चपासून जूनपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट. कळीगळीचं सर्वांत मोठं कारण हेच: ताण, मग एकदम भरपूर पाणी, मग पुन्हा ताण.

रोपवाटिकेतल्या रंगीत जास्वंदींविषयी मी जरा कठोर आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनच्या परिसरातून येणाऱ्या, देशभर 'पुणे जास्वंद' म्हणून विकल्या जाणाऱ्या संकरित जाती दिसायला अप्रतिम असतात: केशरी, करड्या, दुरंगी, वीतभर फुलांच्या. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनेही सुंदर वाण दिले. पण त्यातल्या बऱ्याच जातींची स्वतःची मुळं दुबळी असतात, म्हणून त्या गावठी खुंटावर कलम करून घ्याव्या लागतात. कलमाखालून फूट आली आणि काढली नाही, की दोन वर्षांत केशरीच्या जागी लाल फुलं येतात. लोक म्हणतात रंग बदलला. प्रत्यक्षात वरची मेली आणि खालची जगली. व्यापारी कुंडीतली झाडं वाढनिरोधक देऊन बुटकी ठेवण्याची पद्धत जगभर आहे. घरी आणल्यावर त्याचा अंमल उतरतो आणि झाड सोटासारखं उंच जातं. शिवाय रोप येतं ते चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर बाहेर ओल असून आत कोरडं राहतं. पावसाळ्यात रोप आणून गोळा पाण्यात अर्धा तास बुडवावा, बाहेरची माती हळूच धुऊन काढावी आणि मगच लावावं. या जाती मोठ्या कुंडीत, सकाळच्या उन्हात, मिश्र मातीत ठेवल्या तर जगतात. ऐन जानेवारीत आणि मेमध्ये त्या रुसतात, जुलै ते नोव्हेंबर फुलतात. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा नाही.

जमिनीत लावायची ती एकेरी लाल गावठी. तिच्याखालोखाल झुमका जास्वंद, कातरलेल्या पाकळ्यांची, लटकणारी. आणि मिटलेल्या फुलांची मिरची जास्वंद, जी खरं तर वेगळ्या प्रजातीची पण सगळ्यांत सोशिक आहे. सकाळी पांढरं उमलून संध्याकाळी गर्द गुलाबी होणारं स्थलकमळ जागा खातं, पण अंगण मोठं असेल तर ते जरूर लावावं.

कीड हा भाऊबंदकीचा मामला आहे. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातले. शेवगाव, पाथर्डी, नेवाशाकडे कपाशी आहे. ती उपटली की तिच्यावरचे पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, मावा यांना हिवाळ्यात हिरवं घर हवं असतं, आणि गावातली जास्वंद बाराही महिने हिरवी. २००५ नंतरच्या काही हंगामांत कपाशीवर पिठ्या ढेकणाची मोठी लाट आली, तेव्हा जास्वंदीही पांढऱ्या झाल्या. ती लाट ओसरायला ढेकणाच्या अंगात अंडी घालणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीचा मोठा हातभार लागला. म्हणून दिसला भुरा की जहाल औषध, हे करू नये. ढेकणावर मेणाचं कवच असल्याने तो वाचतो आणि गांधीलमाशी मरते. आधी मुंगळ्यांची वाट तोडावी, कारण चिकट गोडव्यासाठी तेच ढेकणांची राखण करतात. खोडाला ग्रीस लावलेली पट्टी बांधावी. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ढेकूण धुवावेत, दोन दिवसांनी लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. फार माखलेले शेंडे छाटून जाळावेत, उकिरड्यावर टाकू नयेत. द्राक्षबागायतदार वापरतात ते क्रिप्टोलेमस भुंगेरे मिळाले तर उत्तम. त्यांच्या अळ्याही पांढऱ्या कापसासारख्या दिसतात, त्या ढेकूण समजून चिरडू नयेत.

छाटणीला लोक घाबरतात. फूल नव्या फुटीवर येतं, तेव्हा न छाटलेली जास्वंद म्हणजे उंच, पोकळ आणि टोकाला चार फुलं. थंडी सरली की फेब्रुवारीत एक तृतीयांश कापावी, कडक उन्हात कधीच नाही.

फुलाचं आयुष्य एका दिवसाचं असल्याने त्याची लांबवर वाहतूक परवडत नाही. बाजारात येतात त्या कळ्या, आणि गणेशोत्सवात त्यांचा भाव विचारू नये. कर्जत तालुक्यातला सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक असो की नगरच्या माळीवाड्यातला विशाल गणपती, तिथे वाहिलेलं लाल फूल बहुधा जवळच्याच कुणाच्या अंगणातलं असतं. कधी त्या कुणाला न विचारता नेलेलं. पहाटेच्या फूलचोरांपासून फुलं वाचवायची तर आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात, सकाळी उमलतात.

नवीन लावणाऱ्याने रोपवाटिकेत जाण्याआधी आपल्याच गावात फिरून यावं. जुन्या वाड्याच्या परसात, शाळेच्या कुंपणाला किंवा मारुतीच्या पाराशेजारी एखादी लाल जास्वंद २०१८-१९ च्या दुष्काळातून कुणी पाणी न घालता वाचलेली असते, आणि तिचे शेंडे पिवळे नसतात. तिने इथला चुना आणि इथला मे दोन्ही पचवले आहेत. मालकाला विचारून आषाढात तिच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या सात-आठ काड्या आणाव्यात. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढावीत, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा, केराडिक्ससारखी मुळं फुटण्याची पावडर असेल तर लावावी, आणि काड्या वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत रोवाव्यात. पाच-सहा आठवड्यांत मुळं येतात. त्यातली जोमदार दोन रोपं दसऱ्यापर्यंत जमिनीत गेली की उन्हाळ्याआधी मुळं खोल जायला त्यांना चार महिने मिळतात. उरलेली ज्याच्या अंगणातून काड्या आणल्या त्याच्या शेजाऱ्याला द्यावीत.